भाकरी, छप्पर आणि पहारा
आपल्या संस्थांतील मुलांच्या सुरक्षिततेचा इतिहास

१

दलित चळवळीचा इतिहास लिहिताना आपण परिषदा मोजतो, ठराव मोजतो, सत्याग्रह मोजतो. त्या परिषदांच्या मांडवात, दलाच्या कवायतीत आणि बोर्डिंगच्या पंगतीत जी मुले होती त्यांचा इतिहास आपण वेगळा लिहिलेला नाही. मूल हे आपल्या लेखी चळवळीचे उद्याचे माणूस होते. ते आजचेही माणूस आहे, त्याला आजच इजा होऊ शकते आणि ती इजा आपल्याच घरात होऊ शकते, हा विचार आपल्याकडे फार उशिरा आला. काही ठिकाणी तो अजूनही आलेला नाही.

धाराशिव जिल्ह्यापुरते पाहू. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतनाविरुद्धचा बाबासाहेबांचा झगडा त्याच्याही आधीचा. मुंबई कायदेमंडळात त्यांनी १९२८ सालीच त्यासंबंधीचे विधेयक आणले होते. वतनाचे खरे दुखणे असे की, ते एका माणसाचे नव्हते, घराण्याचे होते. घरचा कर्ता हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी राबावे लागे. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचे, पाटलाच्या दारात उभे राहायचे, मेलेले जनावर ओढायचे, या कामांना वयाची अट नव्हती. वेठ ही बापाकडून पोराकडे वारशाने येत होती, आणि पोर मोठे होईपर्यंत थांबण्याइतकी सवड ती देत नव्हती. म्हणून वतनाविरुद्धचा लढा हा मुलांच्या सुटकेचाही लढा होता, असे मी मानतो.

हा लढा आपल्याला जमला, कारण शत्रू समोर होता. गाव, चावडी, पाटील, सरकार, ही सारी आपल्या बाहेरची होती. अवघड गोष्ट पुढची होती.

२

मुलाचा गुन्हेगार आपल्याच माणसांत असतो तेव्हा काय करायचे, हा प्रश्न आपल्या चळवळीपुढे पहिल्यांदा आला तो देवाच्या निमित्ताने. खंडोबाला मुरळी वाहायची, यल्लम्माला जोगतीण सोडायची, मरीआईच्या नावाने पोराचे केस वाढवून त्याला पोतराज करायचे, या चाली आपल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या. आपल्या जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग ही खंडोबाची मोठी क्षेत्रे. नवस आईबाप बोलत, भंडारा जाणती माणसे उधळत आणि फेडावे लागे ते पाच-सात वर्षांच्या पोरीला. पुढे तिच्या देहावर कोणाचा हक्क असे, ते सर्वांना ठाऊक होते. ते कोणी बोलत नसे, कारण बोलणे म्हणजे देवाचा आणि जातीचा अपमान.

हे मौन पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी फोडले. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र सुरू केले आणि मुरळीच्या चालीवर आपल्याच समाजाला उघडपणे खडसावले. मुरळी म्हणून वाहिलेल्या स्त्रीचे पत्र त्यांनी छापले. या घटनेचे महत्त्व आपण पुरते ओळखलेले नाही. तोवर मुरळीविषयी बोलत होते ते भक्त, धर्ममार्तंड, सुधारक आणि सरकार. जिच्यावर हे गुदरले तिचा शब्द पुरावा म्हणून छापला जाणे ही नवी गोष्ट होती. सुधारणेला खरा जोर आला तो तिथून.

कायदा मागाहून आला आणि तोही तुकड्यातुकड्याने. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. निजामाच्या राज्यात असलेल्या उस्मानाबाद जिल्ह्याला तो लागू नव्हता. हा जिल्हा १९४८ साली निजामाच्या हातून सुटला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००५ सालचा आहे. कांबळ्यांच्या पत्रापासून या कायद्यापर्यंत जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या शंभर वर्षांतून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. मुलाचे रक्षण करणारा समाज आणि मुलाला वाहणारा समाज हे एकच असू शकतात. आणि ज्याला आपण मान देतो त्याच्याकडे बोट दाखवायला समाज सर्वांत शेवटी तयार होतो. मग तो देव असो, पुजारी असो की पुढारी.

३

देवाच्या हातून सुटलेले मूल आपण शाळेच्या हाती दिले. ते योग्यच झाले. शाळा दूर होती, गावात राहून शिकणे शक्य नव्हते, म्हणून वसतिगृह आले. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना जुलै १९२४ ची. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. ते ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाले. सोलापूर म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरचे शहर. मराठवाड्यातल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार त्यानंतर पाव शतकाने, १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले तेव्हा उघडले.

वसतिगृह नसते तर आपल्यातले लेखक, वकील, मास्तर, अधिकारी झाले नसते. आपल्या आत्मकथनांत बोर्डिंग वारंवार येते ते त्यामुळेच. त्यांत करपलेली भाकरी येते, पातळ आमटी येते, शिष्यवृत्तीची वाट पाहणे येते. पोटाच्या भुकेविषयी आपण निर्भयपणे लिहिले. पोरांच्या देहाला झालेल्या इजेविषयी त्या मानाने फार थोडे लिहिले गेले, आणि मुलग्यांच्या बाबतीत तर जवळजवळ नाहीच.

वसतिगृहाची रचना नीट पाहिली पाहिजे. मूल घरापासून दूर असते. आईबाप निरक्षर, मोलमजुरी करणारे. ते महिन्यामहिन्यांनी येतात आणि आल्यावर गृहपालापुढे हात जोडून उभे राहतात. जेवण त्याच्या हाती, अंथरूण त्याच्या हाती, अर्जावरची सही त्याच्या हाती. मुलाने तक्रार केली तर नाव कमी होईल, नाव कमी झाले तर शिक्षण संपेल, शिक्षण संपले तर पुन्हा ऊसतोड किंवा खडी फोडणे. हा हिशोब नऊ-दहा वर्षांच्या पोराला कोणी शिकवावा लागत नाही. प्रवेश हा हक्क आहे असे आपण म्हणतो, पण मुलाला तो उपकार म्हणूनच भेटतो. उपकारकर्त्याविरुद्ध बोलायला मोठी माणसेही कचरतात.

आपल्या वसतिगृहांत आणि दलांत मुलांचे रक्षण कशावर सोपवले होते? कार्यकर्त्याच्या चारित्र्यावर. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात उभे राहिलेले समता सैनिक दल घ्या, १९४१ साली निघालेले राष्ट्र सेवा दल घ्या. दोन्हींनी तरुणांना शिस्त दिली, समतेचा विचार दिला. त्या काळच्या कार्यकर्त्यांनी घरादारावर निखारे ठेवले होते, म्हणून त्यांच्यावरचा विश्वास स्वाभाविक होता. पण चारित्र्य वारशाने पुढच्या माणसाकडे जात नाही. संस्थापक जातो, संस्था राहते, अनुदान सुरू होते, पदे भरली जातात. विश्वासाची सवय मात्र जुनीच राहते. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. कोणी कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, असा त्याचा आशय होता. तो इशारा आपण दिल्लीच्या राजकारणाला लावतो. आपल्या वसतिगृहाच्या कार्यालयाला तो कधी लावला नाही.

४

नुसत्या विश्वासावर सोपवलेल्या मुलांचे काय होऊ शकते हे पाहण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागेल.

गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्‌स नावाचा गृहस्थ अनाथ मुलांचे वसतिगृह चालवीत होता. समाजसेवक म्हणून त्याला मान होता. १९९१ साली त्याला अटक झाली. तो मुलांचा वापर स्वतः करी आणि परदेशी पाहुण्यांनाही त्यांना पुरवी, हे उघडकीस आले. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी वेगळा कायदा केला आणि वेगळे न्यायालय नेमले.

मुंबईत कुलाबा, कफ परेड आणि मुरूड येथे ‘अँकरेज शेल्टर्स’ ही रस्त्यावरच्या मुलांची निवासस्थाने १९९५ पासून चालत. चालविणारे ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले. २००१ साली तक्रार पुढे आली. २००६ साली सत्र न्यायालयाने डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स यांना शिक्षा दिली, २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. फुटपाथवरच्या पोरांचा शब्द खरा ठरायला दहा वर्षे लागली. पोरे जेवण आणि छप्पर मिळते म्हणून तिथे राहत होती. त्याच कारणाने त्यांच्या शब्दावर शंका घेतली जात होती.

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेले अत्याचार नोव्हेंबर २०१६ मध्ये बाहेर आले. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथील एका वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचार २०१९ साली उजेडात आले. या दुसऱ्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आरोप होता की, माहिती होऊनही त्याने पोलिसांना कळविले नाही. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि वेळेवर कळविणे हे कायद्याचे मर्म आहे असे बजावले.

या चारही ठिकाणी मुले कोणाची होती? अनाथ, रस्त्यावरची, आदिवासी. ज्यांच्यामागे विचारणारे कोणी नाही, अशीच मुले निवडली गेली. जात आणि दारिद्र्य येथे निव्वळ पार्श्वभूमी नाहीत. गुन्हेगार त्यांचाच हिशोब करून पाऊल टाकतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. इजा करणारे बहुधा ओळखीचे, विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. मुलगा आहे, त्याला काय होणार, ही आपली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

परदेशातल्या तरुण संघटनांचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील बॉय स्काउट संघटनेने गैरवर्तन करणाऱ्या पुढाऱ्यांच्या नोंदी १९२० च्या दशकापासून ठेवल्या होत्या. नोंदी होत्या, पण त्या गुप्त. पोलिसांना आणि पालकांना न कळविता माणूस गुपचूप काढला जाई, आणि संघटनेचे नाव राखले जाई. २०२० साली या संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली. ८० हजारांहून अधिक माणसांनी लहानपणच्या अत्याचारांचे दावे दाखल केले. नाव राखण्यासाठी जे झाकले त्यानेच नाव गेले.

५

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. सास्तूर आणि परिसरातली गावे जमीनदोस्त झाली. एका रात्रीत कितीतरी मुले पोरकी झाली. महाराष्ट्रभरातून माणसे धावून आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले. ज्या नळदुर्गात पोरी देवाला वाहिल्या जाण्याची चाल होती, तिथे पोरक्या मुलांसाठी घर उभे राहिले, ही इतिहासातली लहान गोष्ट नव्हे. त्या कामाचे मोल कमी करण्यासाठी हे लिहीत नाही.

पण त्या वेळची कायद्याची स्थिती पाहा. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे भूकंपाच्या दहा महिने आधी संमती दिली होती. मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठी देशात वेगळा कायदा नव्हता. मुलग्यांसाठी तर दंडविधानातले ३७७ कलम तेवढे होते. १०९८ ही मुलांची दूरध्वनी सेवा मुंबईत १९९६ साली सुरू झाली. म्हणजे त्या पोरक्या मुलांचे भले झाले ते चांगल्या माणसांमुळे. वाईट माणूस आला असता तर त्याला अडविणारी व्यवस्था नव्हती. संकटात मुले वाचविण्याची घाई असते, आणि त्या घाईत कोण माणूस कोणाच्या मुलाला कोठे नेतो, हे विचारायला कोणालाच सवड नसते.

संकट दरवर्षीही येते. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुले मागे राहावीत म्हणून शाळांतून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे जाहीर केली. ही मुले बहुतांशी दलित, भटक्या आणि वंजारी समाजाची. आईबाप शेकडो मैलांवर, कारखान्याच्या फडात. वसतिगृह निघाले याचा आनंद मानावा, आणि लगेच विचारावे की रात्री तिथे कोण असते.

६

कायदा आज आपल्या बाजूने आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा अमलात आला. तो मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. संस्थेच्या चालकाने किंवा नोकराने केलेला अत्याचार तो अधिक गंभीर धरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा आणखी वाढली. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. कलम २१ प्रमाणे न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव छापता येत नाही. २०२० च्या नियमांनी मुलांच्या संस्थांतील नोकरांची पोलिसांकडून पडताळणी आवश्यक केली आहे.

पण कायदा पोचतो तो बहुधा इजा झाल्यावर. आधी पोचायचे असेल तर विहारातले बालसंस्कार वर्ग, श्रामणेर शिबिरे, जयंती मंडळांची लेझीम पथके, कलापथके, अभ्यासिका आणि वसतिगृहे यांनी स्वतःला नियम घालून घेतले पाहिजेत. हे नियम साधे आहेत. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत, मुक्कामात किंवा प्रवासात असू नये. दोन मोठी माणसे असावीत. शिबिरात मुलांची आणि मोठ्यांची झोपण्याची जागा वेगळी असावी. नवा शिक्षक किंवा स्वयंसेवक घेताना तो आधी कोठे होता आणि तिथून का गेला, हे विचारावे. तक्रार ऐकणारी व्यक्ती संस्थेच्या बाहेरची असावी, आणि शक्यतो बाई असावी. तिचे नाव आणि १०९८ हा क्रमांक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लिहावा. आपल्या अंगाला कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये, हे मुलांना त्यांच्या भाषेत सांगावे. आणि तक्रार आली तर पंच बसवू नयेत. चौकशी हे पोलिसांचे काम आहे. आपले काम मुलाजवळ उभे राहण्याचे.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा की, अशाने प्रामाणिक कार्यकर्त्यावर संशय येईल. खरे पाहता नियम सर्वांना सारखा असला की कोणा एकावर संशय राहत नाही. दोन माणसे हजर असण्याचा नियम मुलाला जसा वाचवितो तसा खोट्या आरोपापासून कार्यकर्त्यालाही वाचवितो. आणि ज्याला हा नियम अपमान वाटतो, त्याने मुलांचे काम सोडून दुसरे काम करावे. चळवळीत कामे पुष्कळ आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. आपल्या संस्थेतले प्रकरण बाहेर गेले तर विरोधक ते साऱ्या समाजाच्या माथी मारतील, असे म्हटले जाते. ही भीती खोटी नाही. एका सवर्णाचा गुन्हा त्याचा एकट्याचा राहतो आणि एका दलिताचा गुन्हा वस्तीचा होतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. पण या भीतीची किंमत कोण देतो? ज्याला सर्वांत कमी समजते आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी ताकद आहे, ते मूल. समाजाची अब्रू त्याच्या अंगावर सांभाळायची असेल, तर मुरळीच्या बापाने आणि आपण वेगळे काय केले? गावाच्या अब्रूसाठी आपल्याला गप्प बसविले जात होते, तेव्हा आपण बोललो. त्यातून चळवळ झाली. आता तेच मौन आपण आपल्या मुलांवर लादू नये.

कांबळ्यांनी १९०८ साली आपल्याच जातीला विचारले, तेव्हा त्यांना जातिद्रोही म्हणणारे असतीलच. आज ते आपल्याला समाजाचे पुढारी वाटतात. पुढच्या जयंतीच्या बैठकीत वर्गणी, मिरवणूक आणि वक्ते ठरतील. त्याच बैठकीत मुलांविषयीचे हे नियम लिहून, वाचून, सह्या करून मंडळाच्या वहीत चिकटवावेत. त्याला पैसा लागत नाही आणि सरकारची परवानगीही लागत नाही.